रजिस्टर कोणें व्हेलें?

जगात कुठलीही वस्तू हरवत नाही, ती फक्त कुणीतरी परत ठेवायला विसरलेलं असतं, अशी माझ्या बायकोच्या मामांची श्रद्धा होती. आणि साऱ्या डिचोली तालुक्यात असा विसरणारा माणूस एकच, तो म्हणजे मी, हीसुद्धा. मामा मामलेदार कचेरीतले निवृत्त कारकून. कपाटातून रजिस्टर बाहेर गेलं की त्या जागी नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायची, ही कचेरीतली शिस्त त्यांनी घरी आणली होती. माझ्या खिशातलं पेन घेतलं तर खिशात चिठ्ठी सरकवत. एकदा पणजीच्या बसमधून वाटेत चहाला उतरताना सीटवर ‘येतां’ अशी चिठ्ठी ठेवून गेले. बस सुटली. कंडक्टरने पणजीपर्यंत त्या चिठ्ठीवर कुणाला बसू दिलं नाही. मामा मागच्या बसने उभ्याने आले.

मामी गेल्यावर त्यांच्या हातची धालोगीतांची, म्हणजे गावच्या बायका रात्री मांडावर नाचत गातात त्या गाण्यांची, वही मामांनी माझ्या हवाली केली. वर्षश्राद्धाला ती छापून भाच्यांना वाटायची होती. गीतं मराठी की कोंकणी, यावरून त्या काळी घराघरांत हमरीतुमरी व्हायची. मामा एवढंच म्हणाले, “ती गायताली. तूं छाप.”

देवनागरी उमटवणारा माझा स्वतःचा प्रोग्रॅम होता, आणि त्याबद्दलच्या माझ्या बढाया त्याहून मोठ्या होत्या. डॉसवर तो चालायचा. विंडोजसाठी कंपाइल केला आणि जोडाक्षर आलं की कोसळू लागला. वहीवर पहिलंच नाव मामींचं, लक्ष्मी. ‘ल’ यायचा, ‘क्ष’ला सगळं ठप्प! श्राद्धाला नऊ दिवस उरले होते.

“मामा, प्रोग्रॅम विंडोजवर पडतोय.”

“जनेलार चडयलो कित्याक, जांवयबाब? पडटलोच न्हय!” गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, त्याला मी काय करणार?

शेवटी वैतागून म्हणालो, “रजिस्टरचा घोळ आहे, मामा.” निवृत्तीनंतर प्रथमच त्यांची पाठ ताठ झाली. प्रोसेसरच्या पोटात आकडे ठेवायच्या चिमुकल्या जागांना रजिस्टर म्हणतात, हे मी समजावेपर्यंत चष्मा चढवून चौकशी सुरू झाली होती.

“रजिस्टर कोणें व्हेलें?”

“माझ्या असेंब्ली कोडने नेलं. ईबीएक्स नावाचं.”

“आनी व्हेलें तशें परत सुवातेर दवरलें?”

सुवात म्हणजे जागा. मी कोड उघडून पाहिला. डॉसवर रजिस्टर देणारा कोडही माझा, नेणाराही माझाच. माझा गबाळेपणा मलाच खपायचा. विंडोजला मात्र ते रजिस्टर दिलं तसं परत हवं होतं, आणि मी त्यात माझेच आकडे कोंबून मोकळा होत होतो. सुरुवातीला एक ‘पुश’, शेवटी एक ‘पॉप’: आधीचा आकडा जपायचा, काम झालं की जागेवर ठेवायचा. दोन ओळी! ‘क्ष’ उमटला, पाठोपाठ ‘मी’. मामा त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिले.

श्राद्धाच्या दिवशी मी वही आणि छापील प्रती घेऊन गेलो. मामांनी कपाटातली माझ्या नावाची चिठ्ठी काढली, वही तिथे सारली. मग एक छापील प्रत घेऊन ओसरीवरच्या बाकावर बसले आणि मामींच्या नावाची बाजू वर करून ती अलगद शेजारी ठेवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला भरपूर जागा होती, पण मी नेमका प्रतीपाशीच टेकायला गेलो.

“थंय नाका, जांवयबाब,” मामा हळूच म्हणाले. “ती सुवात भरल्या.”

मी पायरीवर बसलो.