आठ ठिपक्यांचा तक्ता

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरही नाही — तिला वाटतं, मी मुळातच अबोल आहे.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या एका तंत्रनिकेतनात मी शिकवत होतो. टेलिफोनच्या तारेवरून मजकूर पाठवणारं यंत्र आम्ही बांधत होतो. लहरीच्या आठ अवस्था, म्हणजे कागदावर वर्तुळावरचे आठ ठिपके. प्रत्येकाला तीन बिटांचं, म्हणजे शून्य-एकच्या तीन आकड्यांचं नाव. नावांचा तक्ता मी केला — ओळीने, शून्य ते सात: ०००, ००१, ०१०, असा. तारेत खरखर झाली की एक ठिपका शेजारचा म्हणून वाचला जातो, हे मला ठाऊक नव्हतं का? मीच तर शिकवत होतो.

दत्ताराम पूर्णगडचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. आमच्याकडे रोजंदारीवर सोल्डरिंग, म्हणजे तारांचे सांधे जोडायचं काम करायचा. तक्ता बघून म्हणाला, "सर, ००१ च्या बाजूला ०१०? घसरलं तर दोन बिटं एकदम चुकतील. एक चुकलं तर यंत्राला कळतं, अक्षर परत मागवतं. दोन चुकली तर कळणारच नाही, खोटंच छापेल. शेजाऱ्यांत एकाचाच फरक ठेवूया ना."

बरोबर होतं. ऐकताक्षणीच कळलं. पण तक्ता उद्घाटनाच्या पत्रिकेत छापून झाला होता — गणपतीच्या खाली, माझ्या नावासकट. मी म्हणालो, तू तुझं सोल्डरिंग बघ.

उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब आले. हार, नारळ, तीन भाषणं. मग यंत्राने त्यांचंच नाव भलतंसलतं छापलं. साहेबांनी विचारलं, चूक कुठे आहे? दत्ताराम माझ्याकडे बघत होता. आणि मी — मी म्हणालो, "सांधे कच्चे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर घेतलं नाही. आठवड्याने मी तक्ता बदलला. त्याने सांगितला तसा. छपाई सुधारली, साहेबांचं कौतुकाचं पत्र आलं, प्राचार्यांनी ते चौकटीत बसवलं. सांधा मी एकही बदलला नव्हता.

दोन वर्षांनी तो पूर्णगडला भेटला, जाळं दुरुस्त करत. तक्रार नाही. चहा मागवला. मग खाली मान घालूनच विचारलं, "तक्त्याचं माझंच चुकलं असेल, सर. पण सांधा कुठला कच्चा होता? मी अजून आठवून बघतो."

एकही नाही. एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणालो, एसटी चुकेल, आणि निघालो.

एसटीला पाऊण तास होता. थांब्यावरून तो मला दिसत होता — प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघत होता.