मेव्हण्याची झाडं

घड्याळजींनी प्रदर्शनासाठी खोलीभर छोटी रेल्वे उभारली. खऱ्या रेल्वेच्या प्रमाणाबरहुकूम एकेक रूळ भिंगाखाली बसवला. मेव्हण्याने फक्त रुळांलगतची झाडं केली होती.

प्रदर्शनात लोक त्या झाडांवरच भाळले. रुळांकडे कोणी ढुंकूनही पाहीना. घड्याळजींचा नुसता जळफळाट झाला. त्यांनी लांबलचक मालगाडी आणून बरोबर झाडांपुढे उभी केली. आता बघा म्हणावं पानं!

"वा, भाऊजी!" मेव्हणा मनापासून ओरडला. "काय शोभतेय गाडी इथे! हलवू नका."

लोक धडाधड फोटो काढू लागले. एका बाईंनी मेव्हण्याकडे कौतुकाने बघत विचारलं, "गाडीसुद्धा तुम्हीच केलीत?"

त्याने उत्तर देण्याआधीच घड्याळजींनी गाडी बोगद्यात घातली.