आत्याबाईची मुराळी

आमच्या आत्याबाईला कुणी वय विचारलं की ती म्हणायची, "आधार कार्डाला विचार, त्यालाबी न्हाई माहीत." कार्डावर तिचा जन्म एक जानेवारीचा. तिच्या नवऱ्याचाही तोच, सुनेचाही तोच आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचाही तोच. "एकाच दिशी एवढ्या बाया बाळंत झाल्या, त्या सुईणीचं काय हाल झालं आसंल गं!" असं म्हणून ती एवढ्या मोठ्यानं हसायची की दावणीच्या शेळ्या चरायच्या थांबायच्या.

ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वडलांची आत्या, म्हणून आम्ही पोरंही आत्याबाईच म्हणायचो. माहेर तलवाडा, सासर उमापूर. घरी एक म्हैस आणि दहा-बारा शेळ्या. शेळ्यांना ती भावकीतल्या बायकांची नावं ठेवायची. माझ्या आईच्या नावाची एक शेळी होती, तीच नेमकी मारकी होती. आई हे अजून विसरलेली नाही, आणि मी विसरू देत नाही.

वर्षातून एकदा, नागपंचमीला, ती माहेरी यायची. पण आपण होऊन नाही. न्यायला मुराळी गेला पाहिजे, म्हणजे माहेरचं माणूस, फडक्यात दशम्या बांधून, तिच्या दारात. "बिनबोलावता माहेरी गेलेली बाई आन बिनदाव्याचं जनावर, दोघांची इज्जत सारखीच," हे तिचं ठरलेलं वाक्य. आजोबा दर वर्षी स्वतः जायचे. गुडघे गेले तरी जायचे. सकाळच्या गाडीनं गेवराई, तिथं गाडी बदलून उमापूर, भाचेसुनेच्या हातचा चहा पिऊन ओसरीवर एक डुलकी, आणि संध्याकाळी बहिणीला घेऊन परत. वाटेत दोघं भांडायची. कशावरून, ते कधीच कुणाला कळलं नाही.

मग आजोबा गेले. त्या वर्षी घरात सण धरला नाही. पुढच्या वर्षी पंचमी दोन दिवसांवर आली, शेतात खुरपणी चाललेली, आणि वडलांनी एक चूक केली. त्यांनी फोन लावला.

"आत्या, परवा पंचमी हाय. गाडीत बसून ये. ष्टँडवर मी मोटारसायकल घिऊन थांबतो."

 आत्याबाई म्हणाली, "कशी येऊ बाबा? म्हशीला ताप आलाय."

"डॉक्टरला दाखीव की मग."

"दाखवलं. विंजेक्शन दिलं."

"मग?"

"मग आता मला आलाय."

आणि फोन बंद. वडील आमच्याकडं बघून म्हणाले, "आजारी हाय म्हणं." चुलीपाशी आई होती, ती एकदम कडाडली, "आजारी कशाची! फोन करून जनावराच्या डॉक्टरला बोलावतेत, आत्याला न्हाई. भाऊ गेला की माहेर गेलं म्हणतेत, ते काय उगं व्हय!" त्या मारक्या शेळीचं सगळं विसरून आई त्या दिवशी आत्याबाईच्या बाजूनं उभी होती, हे मला फार आवडलं.

मी तेव्हा बारावीत होते आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. मी म्हटलं, "मी जाते."

"पोरी कुठं मुराळी जात असतेत?" वडील म्हणाले.

"मग तुमी जा."

"मला खुरपणीच्या बाया हायेत उद्या."

"मग झालं तर!"

आईनं दशम्यांचं पीठ दुधात मळायला घेतलं. दुसऱ्या दिवशी, नागचवथीला, मी सकाळच्या गाडीत होते.

उमापूरला पोचले तर म्हैस गोठ्यात मजेत रवंथ करत बसलेली. चांगली तुकतुकीत. आत्याबाई ओसरीवर लाह्यांची ज्वारी पाखडत होती, ती तर म्हशीहून ठणठणीत. मला बघून सूप तसंच हातात राहिलं.

"कावून आलीस?"

"न्यायला."

"कुणाला?"

"तुला. आणि कुणाला? म्हशीला?"

"कुणी धाडलं?"

आता इथं वडलांचं नाव सांगितलं असतं तर सगळं सोपं होतं. पण तिच्यापुढं खोटं टिकत नसे, एवढं मला ठाऊक होतं. "कुणी न्हाई," मी म्हटलं, "मीच आले."

तिनं मला खालून वर बघितलं. "मुराळी बाप्या माणूस लागतो."

मला असला राग आला! दोन गाड्या बदलून, उन्हातून, दशम्या सांभाळत आलेली मी. "बरं, मग ऱ्हाऊ दे. ह्या दशम्या तेवढ्या ठिवून घे," म्हणून फडकं ओसरीवर ठेवलं आणि खरंच वळले.

"थांब गं ये भवाने! पाणी न पिता चालली! आज्यावरच गेलीस, त्योबी आसाच फुरंगटायचा."

तेवढ्यात तिची सून, आमची काकू, तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "चार दिस झालं गठुडं बांधून ठिवलंय. रोज सोडतेत आन रोज बांधतेत."

"तू गप गं!" आत्याबाई ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, दादासंगं समदंच गेलं," एवढंच म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले आणि मलाही रडू फुटलं, आणि काकू तांब्या धरून तशीच उभी.

निघताना आत्याबाईनं फडकं सोडून एक दशमी सुनेच्या हातावर ठेवली. चवथीला बायका भावाचा उपास धरतात. काकूला उपास नव्हता. भाऊच नाही तर कुणासाठी धरणार? तिनं दारात उभं राहूनच दशमी खाल्ली, आणि आम्ही वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत आत गेली नाही.

गाडीत मी विचारलं, "काकू कुठं जाते गं पंचमीला?"

"कुठं जाईल? आईबाप बारकेपणीच गेले तिचे. मामानं वाढवली, त्योबी गेला. म्हशीपाशी ऱ्हाती." एवढं बोलून तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. 

गेवराईच्या ष्टँडवर मी भजी घेतली, तर तिनं हात लावला नाही. "भावाचा उपास हाय."

"पण आजोबा तर..." मी जीभ चावली.

"भाऊ गेला म्हणून उपास जातो व्हय? खा तू."

दुसऱ्या दिवशी तलवाड्यात लिंबाला झोका बांधलेला. नव्या सुना बसून हळूहळू झोके घेत होत्या. आत्याबाईनं लुगड्याचा काष्टा खोचला, फळीवर उभी राहिली, मला समोर उभं केलं, आणि असा झोका चढवला की खालच्या बाया "आगं बया, म्हातारी पडंल!" म्हणून ओरडायला लागल्या. "पडले तर माहेरात पडंन!" ती वरून ओरडली. माझी तर बोबडी वळली होती.

त्यानंतर दर वर्षी मीच मुराळी. गाडीतल्या सगळ्यांना, अगदी कंडक्टरलासुद्धा, ती सांगायची, "ही माझी मुराळी. हिला पंधरा दिस आधीच माझी सय येती." मला लाज वाटायची आणि छातीही फुगायची.

पुढं मी नर्स झाले, अंबाजोगाईला लागले, तिथलंच सासर मिळालं. लग्नानंतरची पहिली पंचमी आली. वडलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. माझा धाकटा भाऊ नोकरीला पुण्याला. त्याचा फोन आला, "ताई, गाडी करून जा ना तू, सरळ." मी म्हटलं, "बरं." मग सासूबाईंनी विचारलं, "सुट्टी घेतली ना?" तर मी सांगितलं, "न्हाई मिळाली. वार्डात गर्दी हाय." वार्डात काही गर्दी नव्हती. सुट्टी माझ्या पर्समध्ये मंजूर होऊन पडलेली होती. म्हशीला ताप कसा येतो, ते मला त्या दिवशी कळलं. शिकलेली, कमावती बाई मी, आणि कुणी न्यायला आलं नाही म्हणून मोरीत भांडी आपटत होते.

चवथीला दुपारी दारात आवाज आला, "हाय का घरात माझी पोरगी?"

धावत गेले तर आत्याबाई! नऊवारी धुळीनं भरलेली, डोक्यावर गठुडं, हातात दशम्यांचं फडकं. उमापूरहून एकटी, तीन गाड्या बदलून. मी म्हटलं, "आत्याबाई, एकटी? एवढ्या लांब?"

"म्हाताऱ्यांना यष्टी फुकट झाली म्हणतेत, आन मी गेवराईच्या म्होरं कधी गेलेच न्हाई. समदं वायाच चाललं व्हतं की!"

सासूबाई चष्मा सावरत बाहेर आल्या. "अगंबाई, मुराळी म्हणून तुम्ही आलात?"

"का? मिशा लागतेत का?"

सासूबाई अशा हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मी मात्र आत्याबाईच्या गळ्यात पडून शेंबूड येईपर्यंत रडले. ती पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "आता गप. गाडी जाईल. सुट्टी घेतलीस ना?"

"पर्समधी हाय," मी म्हटलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. संध्याकाळी शेळ्या बांधल्या, सुनेला म्हणाली, "जरा पडते," आणि पडली ती उठली नाही. मी पोचले तेव्हा आईच्या नावाची ती शेळी, म्हणजे तिच्या नातीची नात असेल, दारात उभी होती आणि कुणालाच मारत नव्हती. वर्षभर त्यांच्या घरात सण झाला नाही.

यंदा पंचमी जवळ आली तसं मला कुठं चित्त लागेना. कुणाला आणायचं आता? आणि मग दारात दशमी खाणारी काकू डोळ्यांपुढं आली, आणि माझीच मला शरम वाटली. इतकी वर्षं तिच्या हातचं पाणी पिऊन आत्याबाईला घेऊन निघायचे, आणि मागं वळून एकदाही विचारलं नव्हतं. आधी तलवाड्याला गेले, दशम्या स्वतः केल्या, आणि चवथीला सकाळी उमापूरच्या दारात उभी राहिले.

काकू शेण भरत होती. "आगं बाई, तू! आता कुणाला न्यायला आलीस?"

"तुमाला."

ती हसली. मग माझ्या हातातलं फडकं दिसलं आणि हसू थांबलं. "थट्टा करू नगं पोरी. तलवाड्याला माझं काय हाय?"

"आत्याबाईचं माहेर हाय. ती गेली म्हणून माहेर जातं व्हय?"

"म्हैस कोण पिळंल?"

गोठ्यातून काकांचा आवाज आला, "मी पिळतो. जा तू!"

तिला गठुडं बांधायची सवयच नव्हती. दोन लुगडी ठेवली, एक काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी आत्याबाईचंच जुनं फडकं काढलं आणि त्यात बांधलं.  गेवराईला गाडीची वाट बघत बसलो, तेव्हा मी दशम्या सोडल्या. माझा उपास होता, पण तिनं तर सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं. एक दशमी पुढं केली, तर तिनं हात मागं घेतला.

"खावा की काकू."

"न्हाई. उपास हाय आज माझा."

"तुमाला उपास? कुणाचा?"

तिनं आधी पदर सारखा केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझा."