ठाण्यात जमा केलेली बंदूक

पोशीर गावचे एक काका दर सोमवारी माझ्या जीपने पोलीस ठाण्यात जायचे. भातातली डुकरं हाकलायची परवान्याची बंदूक त्यांनी निवडणुकीआधी तिथे जमा केली होती, आणि नंतर ती ठाण्यात सापडेना. जाताना खिशातली पावती चाचपायचे, येताना म्हणायचे, "साहेब कामात हाय, रं."

मग लाकडं आणायला गेलेला वाडीवरचा एक माणूस जंगलात गोळी लागून मेला. बंदूक काकांचीच निघाली. ती ठाण्यातून चोरणारा पकडला गेला, जमा बंदुका सांभाळणाऱ्या हवालदाराची नुसती बदली झाली.

त्यानंतरच्या सोमवारी काका म्हणाले, "आज वाडीवर ने."

मेलेल्याच्या बायकोपुढे त्यांनी हात जोडले. "बंदूक माजी व्हती, बाय. मी पोलिसांकडं दिलेली."

"कशाला दिलीत त्यांना?" तिने विचारलं.

काकांनी खिशातली पावती काढून तिच्यापुढे धरली. शेवटी तिनेच त्यांना हात धरून ओट्यावर बसवलं.