तक्रारवही आणि अरबांचं राष्ट्र

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बंद लिफ्टपाशी गेलं की आधी मजल्यामजल्यावरच्या माणसांच्या तक्रारी वहीत उतरवायच्या, मगच मशीनला हात लावायचा, ही माझी शिस्त. धाकट्या बहिणीने ती नको तिथे उचलली, आणि त्याला जबाबदार मीच.

धाकटी इतिहास शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिने अरब राष्ट्रवाद घेतला तेव्हा आईने कपाळावर हात मारला. मावशीचं चष्म्याचं दुकान आहे, तिला माणूस हवाच होता. प्रबंध नापास झाला तर धाकटी दुकानात बसणार, हे आई आणि मावशीने परस्पर ठरवून टाकलं.

धाकटीने माझी एक कोरी तक्रारवही ढापली. डावीकडे नाव, उजवीकडे म्हणणं. एक लेखक म्हणतो, भाषा एक तर राष्ट्र एक. दुसरा म्हणतो, भाषा असेल एक, माणसं आपापल्या गावाची आणि घराण्याची असतात. तिसरा सगळं खापर परक्यांनी आखलेल्या सरहद्दींवर फोडतो. इजिप्त आणि सीरिया एक देश झाले आणि साडेतीन वर्षांत फुटले, त्यावर तर बारा पानं. मी वाचून पाहिलं. प्रत्येक पान पटायचं, आणि त्याच्या उलट लिहिलेलं पुढचंही पटायचं. डोकं भणभणलं.

सरांनी प्रबंध परत केला. वर लिहिलं होतं, ‘सगळे बोलतात, तू कुठे आहेस?’ सोमवारपर्यंत मुदत होती.

"दादा, मला खरंच काही कळत नाहीये," ती म्हणाली. "तुला बिघाड कसा सापडतो?"

"मशीन उघडून."

"यात मशीन कुठंय?"

मी नेहमीसारखी टर उडवली. "मावशीच्या दुकानात बघ, चष्मा लावून." ती हसली नाही.

शनिवारी कामावर घाईत तिचीच वही उचलून नेली. दोन्हींची कव्हरं सारखी. तक्रार लिहायला शेवटचं पान उघडलं, तर वर मथळा होता: ‘माझं पुढे काय?’ आई: शिक्षिका हो, सुट्ट्या मिळतात. मावशी: दुकान. सर: आणखी शीक, पण मत हवं. दादा: थट्टा करतो. आणि सगळ्यात खाली, मी: पुढे काहीच नाही.

मला लाज वाटली. लिफ्ट कशीबशी चालू केली आणि घर गाठलं. धाकटीसमोर तीच वही आणि पेन घेऊन बसलो.

"तुझी तक्रार सांग. लिहून घेतो."

तिने कोरं पान काढून दिलं. मग म्हणाली, "लिही. मला काय व्हायचंय ते माहीत नाही. अरबांचं राष्ट्र एक की अनेक, तेही माहीत नाही. पण जो तो ‘आपण’ म्हणतो आणि त्यात कोणाला धरायचं ते त्या माणसाला न विचारताच ठरवतो. त्याचा मला राग येतो."

मी शब्दन् शब्द उतरवला. "हे सरांना चालेल?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक. मी लिफ्टवाला."

तिने पान फाडून घेतलं आणि प्रबंध पुढे ओढला.

सोमवारी प्रबंध गेला. निकाल लागायचाय. त्याच संध्याकाळी मी मावशीला सांगून आलो, दुकानात दुसरा माणूस बघ.

"पास झाली?"

"माहीत नाही."

"मग करणार काय ती?"

"तेही माहीत नाही, मावशी. तिने अजून ठरवलेलं नाही."