हुक नसलेला डबा

माझी सगळ्यात मोठी चूक स्क्रीनवर फार देखणी दिसत होती. शेकडो निळे ठिपके डावीकडून सुसाट सुटायचे आणि उजवीकडच्या डब्यात, अगदी आतल्या कोपऱ्यापर्यंत, शहाण्या मुलांसारखे जाऊन बसायचे. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "लागला काय गो रिझल्ट?"

रिझल्ट कसला! एम.एस्सी.चा प्रकल्प होता. विद्युत क्षेत्रात भारित कण कसे धावतात, ते सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी पुस्तकातल्या दोन समांतर पट्ट्या घेतल्या. मी मामा घेतला.

मामा रोह्याच्या एका कंपनीत पावडर कोटिंग करतो. गनमधून कोरडी रंगीत पावडर उडते, उडताना तिच्यावर चार्ज बसतो आणि ती समोर टांगलेल्या लोखंडी डब्याला जाऊन चिकटते. मग डबा भट्टीत. गनवरचा हात त्याने हमरापूरच्या मूर्ती कारखान्यात गणपतींना रंग मारता मारता कमावला, आणि त्या हाताचा त्याला भलता माज. पण नवीन साहेब आले, त्यांनी गनचं व्होल्टेज वर चढवून ठेवलं आणि बटणाला हात लावायचा नाही असं बजावलं. तेव्हापासून डब्यांचे आतले कोपरे कोरे राहायला लागले. मामा म्हणायचा, व्होल्टेज कमी करा, कोपरा भरतो. साहेब म्हणायचे, तुमचं वय झालं, हात हलतो. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर गन सोडून पॅकिंगला बसायचं, असं ठरलं होतं.

मी छाती फुगवून सांगितलं होतं, "मामा, कॉम्प्युटरवर तुझी बाजू सिद्ध करून दाखवते."

आणि कॉम्प्युटर म्हणत होता की व्होल्टेज कितीही वाढवा, कोपरा छान भरतो. टाळ्या वाजवून झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि माझा चेहराच उतरला. म्हणजे साहेब बरोबर? म्हणजे हात खरंच गेला? मी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. ठिपके आपले दर वेळी आनंदाने कोपऱ्यात. रोज संध्याकाळी मामाला फोन करणारी मी, आठ दिवस फोनच केला नाही. काय सांगणार होते?

रविवारी तो स्वतःच गाडीत बसून पेणला आला. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, चष्मा कपाळावर. "दाखव बघू काय झाला ता."

पळून जायला जागा नव्हती. मी दाखवलं. ठिपके धावले, बसले. मामा स्क्रीनला नाक लावून बघत राहिला.

"हुक कुठं हाय?"

"कसला हुक?"

"अगो, डबा काय हवेत लटकतोय? हुकाशिवाय टांगलास? आमच्यात हुकावर रंगाचा थर चढला का अर्थिंग जातो. मग पावडर डब्याला विचारत पण नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी डबा काढला होता, पण त्याला अर्थिंग दिलंच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या लेखी तो लोखंडाचा नव्हताच, नुसता वाटेतला अडथळा होता. भौतिकशास्त्रात पाच वर्षं घालवून मी हुक विसरले होते! एक ओळ बदलली, डब्याचं व्होल्टेज शून्यावर आणलं आणि पुन्हा चालवलं. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. ठिपके निघाले, डब्याजवळ आले आणि सगळेच्या सगळे बाहेरच्या कडांवर तुटून पडले. लग्नात आइस्क्रीमच्या काउंटरवर पडतात तसे. आतला कोपरा कोराच्या कोरा.

"तो बघ! माझा कोपरा! तोच हाय तो!" मामा खुर्चीवरून उठून उड्या मारायला लागला. आई पळी घेऊन धावत आली. मी व्होल्टेज कमी केलं. आता कडांची ओढ सैल झाली आणि गनच्या हवेने ठिपके थेट आत लोटले. कोपरा भरला. मग मीही उड्या मारल्या. आईला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसत सुटली.

मंगळवारी मी लॅपटॉप घेऊन रोह्याला गेले. गेटच्या आत मला कोण सोडणार? मामाने साहेबांनाच बाहेर चहाच्या टपरीवर आणलं. त्यांनी दोन्ही चित्रं तीनदा बघितली, चहा गार केला आणि मामाला म्हणाले, "चला, तुमच्या पद्धतीने एक डबा मारून दाखवा."

मी टपरीवर नखं खात बसले. बऱ्याच वेळाने मामा आला. पाय ओढत, तोंड पाडून, भुवयांवर निळी पावडर. समोर येऊन बसला आणि फस्सकन हसला.

"भरला! साहेबांनी टॉर्च मारून बघितला. आता बटण माझ्या हातात, बोलले. पॅकिंग-बिकिंग काय नाय."

मी इतक्या जोरात ओरडले की टपरीवाला दचकला. मामाने भजी सांगितली. त्या खुशीतच मी म्हणून गेले, "मामा, एक सांगायचंय. त्या आठ दिवसांत मला वाटलं होतं की..."

"ठाऊक हाय." तो शांतपणे म्हणाला. "तुझा फोन नाय आला ना. मग मला पण वाटाय लागला, हात खरंच गेला."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने पोऱ्या यायची वाट न बघता काउंटरवरून काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास उचलला, माझ्यापर्यंत आणला आणि समोर ठेवला. एक थेंब सांडला नाही.