चांदोरीच्या पुढे न जाणारी गाडी

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतात पिळतात. गाडीला टांगायला किंवा कुणावरून उतरून टाकायला मी आजवर एकही लिंबू वाया घालवलेलं नाही. या ग्रुपवरचे चकव्याचे आणि पांढऱ्या साडीतल्या बायांचे अनुभव मी सकाळच्या चहासोबत वाचते, आणि आमच्या ह्यांना आवाज काढून वाचूनही दाखवते. तेव्हा आता माझी पाळी आली म्हणून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसतच सांगणार आहे. रडत सांगितलं की लोक मधेच उठून जातात.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. माहेर सायखेड्याचं. वडील गेल्यावर आई तिथेच धाकट्या भावाकडे, नानाकडे राहिली. मला तिला भेटायचं म्हटलं की नानाने गाडी पाठवायची, नाहीतर मी बसने लोंबकळत जायचं. नानाची गाडी हल्ली फारशी येईना. मग मी पन्नाशीला टेकल्यावर ड्रायव्हिंग शिकले. शिकवणारा मुलगा दोनदा आजारी पडला, पण मी शिकले. आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी शोधायला लागले.

महात्मानगरात एक छोटी पांढरी गाडी मिळाली. चौदा वर्षं जुनी आणि किलोमीटर इतके कमी, की आमचे हे म्हणाले, मीटर मागे फिरवलाय. पण मीटर खरा होता. गाडी विकणाऱ्याच्या आत्याची ती. आत्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलेलं नव्हतं, वर्षभरापूर्वी वारली. भाचा म्हणाला, "आत्या लय जपायची हो. रविवारी कॉलनीत एक चक्कर मारायची आणि परत कव्हर घालून ठेवायची. गावाबाहेर नेतच नव्हती."

ज्यांना वाटतं की कमी चाललेली गाडी म्हणजे लॉटरी, त्यांच्यासाठी सांगते. टायरवर नक्षी नवीकोरी, पण रबराला भेगा. बॅटरी मेलेली, रबरी पाइप कडक झालेले, पेट्रोलच्या टाकीत तळाशी चिखल. आमचा मेकॅनिक युनूसभाई बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "ताई, घरात बसून राहिलेल्या माणसासारखं आहे हे. आजार काही नाही, पण सांधे सगळे धरलेत." सांधे मोकळे करून घेतले. आणि गाडी अशी पळायला लागली की काय सांगू! मी दर शुक्रवारी आईकडे जाऊ लागले. मी जाऊन तिच्या केसांना तेल लावायचं, तिने मला शेजारपाजारच्या बातम्या सांगायच्या. वहिनीच्या कपाळावर आठी, पण चहा यायचा.

मग सहीचा विषय निघाला.

हे आमच्याकडे नवीन नाही. बाप गेला की सातबाऱ्यावर पोरींची नावं लागतात, आणि मग निफाडला रजिस्टर ऑफिसात जाऊन बहिणींनी भावासाठी हक्क सोडायचा. त्याबदल्यात साडी, जेवण आणि 'माहेर उघडं राहील' असा शब्द. जी सोडत नाही तिची गावभर लाज काढतात. मला वडिलांची द्राक्षबाग नको होती. मी नानाला एवढंच म्हटलं, "आई आहे तोवर माझं नाव राहू दे. ती गेली की त्याच दिवशी सही करते." कारण मला माझा भाऊ माहीत आहे. नाव होतं म्हणून तर चहा येत होता.

नाना म्हणाला, "ताई, तुझा माझ्यावर भरोसा नाय का?" या प्रश्नाला कुठल्या बहिणीने आजवर खरं उत्तर दिलंय? शेवटी आईच म्हणाली. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून. "करून टाक बाई. मला यांच्यातच राहायचंय."

मी करायचं ठरवलं. नानाने वकील गाठला, दिवस ठरला.

आता रस्ता समजून घ्या. नाशिकहून निघालं की चांदोरी लागते. तिथून सायखेड्याला वळायचं, आणि निफाडला सरळ. वळणारा रस्ता गाडीला पाठ होता. त्या दिवशी मी सरळ गेले. चांदोरीची शेवटची दुकानं मागे पडली, आणि इंजिन बंद. धक्का नाही, खोकला नाही. कुणीतरी शेजारी बसून शांतपणे चावी फिरवावी तसं. मी सेल्फ मारते, गाडी ढिम्म. उसाच्या ट्रॅक्टरवरचे दोघे उतरले, त्यांनी ढकलत गाडी नाशिककडे तोंड करून लावली. म्हटलं, एकदा बघू. पहिल्या सेल्फला चालू!

युनूसभाईने पेट्रोलचा पंप काढला, टाकी धुतली, फिल्टर बदलला. नानाने दुसरा दिवस ठरवला. मी पुन्हा सरळ गेले, आणि त्याच दुकानांच्या पुढे तेच. वकील वाट बघून गेला. नानाने फोनवर गावातल्या चार माणसांसमोर मला ऐकवलं, "आमच्या ताईची गाडी लय हुशार हाय. कागद दिसला की बंद पडती."

मला राग आला, पण त्याचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण तोवर युनूसभाई एकटा ती गाडी घेऊन निफाडला जाऊन आला होता. तिथून मिसळ खाता खाता मला फोन — "ताई, निफाडमधून बोलतोय. गाडी लोणी आहे लोणी." पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं नात्यातल्या एका लग्नाला निफाडला गेलो, ह्यांनी सगळ्या रस्ताभर हात डॅशबोर्डवर धरून ठेवला. काही झालं नाही. जेवलो, आलो.

म्हणजे गाडी निफाडला जात होती. मी सही करायला निघाले की जात नव्हती. आमचे हे म्हणाले, तू घाबरतेस आणि क्लच चुकतो. असेलही. नवऱ्यांकडे उत्तर तयार असतं.

तिसऱ्या वेळी नाना म्हणाला, तू बंद पड, मी येतो. हो, गाडी नाही, 'तू' म्हणाला. मी बंद पडले. तीच दुकानं. भर दुपार, ऊन असं की डांबर चमकत होतं. नाना आपली मोठी गाडी घेऊन आला, दार उघडून म्हणाला, "चल, उतर. वकील थांबलाय."

मी सीटबेल्टचं लाल बटण दाबलं. बेल्ट सुटेना. पुन्हा दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. नानाने वाकून दाबलं. बटण आत जात होतं, टक् असा आवाजही येत होता, पण पट्टा सोडत नव्हता. उलट मी पुढे झुकले की तो मला हळूच मागे ओढून घ्यायचा. आवळत नव्हता हो... लहान मूल रस्त्यावर धावायला लागलं की आपण त्याच्या छातीवर आडवा हात धरतो ना, तसं. रस्त्यावर माणसं जमली. एकाने खोबरेल तेल घालायला सांगितलं. मला हसू फुटलं. आणि हसता हसता का कोण जाणे, मी म्हणाले, "नाना, आज राहू दे."

नाना आपल्या गाडीतून द्राक्षाचे घड काढायची कात्री घेऊन आला. लहानपणी याच कात्रीने घड कापून तो माझ्या ओच्यात टाकायचा. आता त्याने माझ्या पोटावरचा पट्टा धरला आणि करकर करकर कापला. मग माझा हात धरून मला उतरवलं. इतक्या मायेने त्याने माझा हात माझ्या लग्नानंतर धरला नव्हता.

निफाडला फोटो झाला, अंगठा झाला, सही झाली. साडी मिळाली, मोरपंखी. आणि जेवण.

नानाने मला परत चांदोरीला सोडलं. गाडी तिथेच उभी. तिचं तोंड निफाडकडेच होतं, फिरवलेलं नव्हतं. मी बसले, चावी लावली. एका सेल्फला चालू झाली आणि थोडी पुढे गेलीसुद्धा, निफाडच्या दिशेने, काही तक्रार न करता. मी वळवून घरी आणली.

नवीन बेल्ट बसवताना युनूसभाईने जुनं लॉक उघडून बघितलं. आत काही बिघडलेलं नव्हतं. मग मी त्या भाच्याला फोन केला, आत्याला बेल्टचा कधी त्रास झाला होता का म्हणून. तो सहज बोलून गेला. "नाही हो, बेल्टचा नाही. पण आत्याने एकदाच ही गाडी बाहेरगावी नेली होती बघा. निफाडला. पप्पांच्या नावावर जमीन करून द्यायला. त्यानंतर म्हणायची, हिला लांबचा रस्ता सोसत नाही. आम्ही म्हणायचो, गावाकडे ये की आत्या... पण नाही आली." मग त्याने विचारलं, "गाडी बरी चालतेय ना?"

बरी चालतेय म्हटलं.

यंदा भाऊबीजेला वहिनीचा फोन आला, आम्ही सगळे बाहेर चाललोय, तुम्ही नंतर या. नंतर गेले तर फाटकाला कुलूप. गच्चीवरून वहिनी म्हणाली, "फोन करून यायचं ना ताई, आई झोपल्यात." दुपारी चारला. मी फाटकाशी उभं राहून आईला हाक मारली. आतून खोकल्याचा आवाज आला, तिचाच. नंतर तो कुणीतरी दार लावल्यासारखा एकदम बारीक झाला.

हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. युनूसभाईला नाही, आमच्या ह्यांना तर नाहीच. तुमच्यापैकी कुणी समजावून सांगितलं तर ऐकेन. मी अजूनही लिंबू टांगलेलं नाही. फक्त आता दर शुक्रवारी चांदोरीच्या पुढे सरळ जाते, त्या दुकानांपाशी वेग कमी करते, बेल्टवर हात ठेवते आणि वाट बघते.

गाडी एकदाही बंद पडत नाही.